तळ्यावरचं हळदीकुंकू

"मी आलो!"

आवाज बाईचा होता, म्हणून दार उघडून मी आधी तिच्या मागे पाहिलं. म्हटलं, आलेला तो कुठाय? मागे कोणी नव्हतं. दारात एकटी बाई उभी. नऊवारीचा काष्टा, कपाळावर ठसठशीत कुंकू, पोटऱ्यांपर्यंत चिखल, आणि गळ्यात मंगळसूत्रावरून रुळणारा कॅमेऱ्याचा पट्टा.

"मी समोरच्या फोटोवाल्यांची हौसा. गल्ली मला हौसाक्का म्हणती. तुमची हिरवी साडी वाळत घातलीया न्हवं गच्चीवर, ती एक दिस द्या. मला तळ्यात बसायचंय."

ओळख ना पाळख, आणि थेट साडी! मी नवीन होते कोल्हापुरात. आमचे हे शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत लागले म्हणून रत्नागिरीहून संसार उचलून आलो होतो. येताना मलकापूरला एस.टी. थांबली, तेव्हा चहावाली म्हणाली, "थांबा की, मी देतो चहा." मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. कसली चूक! इथल्या बायका सरसकट मी आलो, मी गेलो, मी जेवलो. आणि मी शाळेत व्याकरण शिकवणारी. पहिल्याच दिवशी मी हौसाक्काला म्हटलं, "अहो, मी आले म्हणावं." ती माझ्याकडे कौतुकानं बघत राहिली आणि म्हणाली, "बरं. मी साडी घिऊन जातो."

आणि गेली की घेऊन! साडी चार दिवसांनी परत आली, तिला शेवाळाचा वास आणि मधोमध लेन्सएवढं भोक. मी कपाळाला हात लावला. तर म्हणते, "त्या भोकातनं काय काय दिसलं म्हणून सांगू बाई!" आणि सांगायला बसली ती दुपार कलेपर्यंत. मी भांडायचं विसरले. पुढे ती साडी तिच्याकडेच राहिली.

तिचे यजमान रंगराव म्हणजे शांत माणूस. गल्लीच्या तोंडाशी त्यांचा फोटो स्टुडिओ. परक्या पुरुषासमोर पदर सावरत उभ्या राहणाऱ्या बायकांचे फोटो नीट येईनात, म्हणून त्यांनी लग्नानंतर हौसाक्काच्या हातात कॅमेरा दिला, आणि मग तो तिच्या हातातून कधी सुटलाच नाही. नवऱ्या मुली, डोहाळजेवणं, बारशी, सगळं तिच्याकडे. तिचा एक मंत्र होता. समोरची बाई ताठ झाली की ही काळ्या फडक्यामागून ओरडायची, "श्वास घ्या, पण दावू नका!" ते दावायचं नाही म्हणजे काय ते कुणालाच कळायचं नाही, पण त्या विचारात चेहरा सैल पडायचा आणि तेवढ्यात ही चाप ओढायची. माझाही असा एक फोटो आहे. त्यात मी जन्मात दिसले नाही इतकी बरी दिसते.

पाखरांचा नाद तिला लागला तो शहराबाहेरच्या तळ्यावर. उसाच्या रानांना लागून एक जुनं तळं होतं, काठाला गवळ्यांची चार घरं. कुणा गवळ्याच्या बक्षीस मिळालेल्या म्हशीचा फोटो काढायला ती गेली होती. म्हैस उभी राहीना, आणि तिकडे पाण्यात एक टिबुकली पोहत निघालेली. मुठीएवढं पाखरू, आणि त्याच्या पाठीवर पिसांतून डोकी काढून बसलेली पट्ट्यापट्ट्यांची पिल्लं. "वरातीत घोड्यावरच्या नवऱ्याला बी तसा रुबाब न्हाय बाई," ती सांगायची. म्हशीचा फोटो राहिला. रोल सगळा टिबुकलीवर संपला. "तवापास्नं मला माणसं जरा बेचव लागायला लागली," असं ती गिऱ्हाइकांच्या तोंडावर म्हणायची.

तळ्यात बसायला तिनं काय शोधून काढलं असेल? काहील! गुऱ्हाळात उसाचा रस आटवायची ती भलीमोठी लोखंडी कढई. पंचगंगेला पूर आला की इकडची माणसं काहिलीत बसून पाणी ओलांडतात, ते तिनं लहानपणापासून पाहिलेलं. पावसाळ्यात गुऱ्हाळं बंद, काहिली रिकाम्या. तिनं एक मागून आणली, वरून माझी हिरवी साडी ताणली, तीवर पाणवनस्पती पसरल्या, आणि आत मांडी घालून बसली. काठावर रंगराव, एका हातात काहिलीचा दोर आणि दुसऱ्या हातात भडंगाची पुडी. काहिलीच्या कडेला गुळाचा अंश राहिलेला असायचा, त्याला मुंगळे यायचे. ते तिला कडकडून चावायचे आणि ही हूं की चूं करायची नाही. पाखरं काहिलीच्या कडेवर येऊन बसायची. घरी आल्यावर मात्र मुंगळ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार अख्ख्या गल्लीला ऐकू जायचा.

एकदा तर कहर केला. एका बड्या घरची नवरी स्टुडिओत नटून बसली होती, वऱ्हाड बाहेर खोळंबलेलं. तेवढ्यात गवळ्याकडची गंगव्वा दुधाची किटली घेऊन आली आणि म्हणाली, "आक्का, अंड्याला चीर गेलीया." झालं! हौसाक्कानं कॅमेरा गळ्यात टाकला. नवरीची आत्या भडकली, "अहो, फोटोचं काय?" तर म्हणाली, "नवरी उद्या बी नवरीच ऱ्हाईल. अंडं आज फुटणार." आणि चालायला लागली. रंगरावांनी हात जोडून नवरीचा फोटो स्वतः काढला. त्यात नवरीचे डोळे मिटलेले आले म्हणे.

आता मुख्य गोष्ट. आणीबाणी उठून गेली होती, त्या सुमाराची. पाऊस चांगला लागला होता, तळं कमळांनी भरलं होतं, आणि हौसाक्का एका कमळपक्ष्याच्या मागे लागली होती. लांबच लांब बोटांचं पाखरू, कमळाच्या पानांवरून चालतं पण पान बुडत नाही. एके दुपारी ती तळ्यावरून धापा टाकत आली आणि स्टुडिओच्या पायरीवरूनच ओरडली, "बाप हो, बाप! आई अंडी घालून गेली दुसऱ्या घरला, आन् बाप बसलाय उबवत! आन् वर काय, त्या दुसऱ्या घरट्यातली पिल्लं निघाल्यात, तर तिथला बाप त्यास्नी काखंत मारून चालतोय. पिल्लांचे पाय नुसते लोंबत्यात खाली. मी बघितलो, माझ्या डोळ्यांनी बघितलो!"

शेजारच्या चहाच्या दुकानात तालमीतल्या पोरांसह दत्तोबा वस्ताद बसलेले. तालमीचे वस्ताद, मिशा अशा की चहा पिताना बोटानं वर धराव्या लागत. ते हसले आणि दुकान हसलं.

"आक्का, भांग तर न्हवं घेतली? बाप अंडी उबवतोय व्हय! मग उद्या रेडा दूध बी दील."

"दील न दील. मी बघितलो ते सांगितलो."

"आवं, बापानं बायकांचं काम करायचं, ही कसली तऱ्हा?"

"का? आमी बाया जलमभर 'मी आलो, मी गेलो' म्हणतो, तवा कुणाला तऱ्हा वाटली न्हाय. एका पाखरानं आईचं काम केलं तर तुमच्या मिशीला का धक्का लागतोय?"

मी खिडकीतून ऐकत होते. व्याकरण शिकवून शिकवून जे मला कधी सुचलं नसतं ते ही बाई पायरीवर उभी राहून बोलून गेली. मला हसू आवरेना. पण वस्तादांना ते लागलं. सगळी तालीम ऐकत होती ना! त्यांनी कप खाली ठेवला.

"फोटो दावा. श्रावण सरायच्या आत. काखंतली पिल्लं फोटोत दिसली, तर माझी दोन्ही नातवंडं काखंत मारून मी हितनं देवळाच्या महाद्वारापर्यंत चालत जाईन. भर दुपारी, हलगी लावून. आन् न्हाय दावलासा तर?"

वस्तादांच्या सुनेला जुळं झालं होतं, आणि त्यांनी त्यातलं एकही अजून मांडीवर घेतलेलं कुणी पाहिलं नव्हतं. पोरं बायांनी घ्यायची, हा त्यांचा बाणा.

"न्हाय दावलो तर क्यामेरा तालमीत आणून ठेवतो," हौसाक्का म्हणाली. "पुन्यांदा हात लावणार न्हाय."

रंगराव नुसते "हौसा, अगं..." एवढंच म्हणाले. कॅमेऱ्याविना ही बाई म्हणजे काय राहणार? तिला पोरबाळ नव्हतं. त्याचं दुःख तिनं कधी बोलून दाखवलं नाही, पण पिल्लांच्या फोटोंवरची धूळ ती पदरानं पुसायची, फडक्यानं नाही.

आणि फोटो काही मिळेना. रोज पहाटे जायची, दुपारी तोंड पाडून यायची. अडचण काय होती माहीत आहे? कमळपक्षी पिल्लांना काखेत घेतो तो घाबरला की. एरवी पिल्लं आपली आपण पानांवरून पळतात. पहिल्यांदा तिनं पाहिलं तेव्हा वर घार फिरत होती, आणि कॅमेऱ्यात रोल नव्हता. आता रोल होता, पण ही काहिलीत इतकी गपगार बसायची की पाखराला भीती म्हणून वाटायची नाही. तिचा गुणच तिच्या मुळावर आला. रंगराव एकदा म्हणाले, "मी काठावरनं टाळी वाजवू का?"

ती उसळली. "पिल्लांच्या बापाला भ्या दावून फोटो काढू? त्यापरीस क्यामेरा तालमीत गेलेला बरा!"

असा श्रावण संपत आला. शेवटचा शुक्रवार दुसऱ्या दिवसावर आला, जिवतीचा. मुलाबाळांसाठी जिवतीची पूजा करायची, सवाष्णींना हळदीकुंकवाला बोलवायचं, असा तो दिवस. आणि नेमका त्याच्या आदल्या दिवशी हौसाक्कानं मला गंगव्वाबरोबर निरोप धाडला. मी शाळेत होते. गंगव्वाचा आवाज असा की किटली खाली ठेवून ती गल्लीच्या तोंडाशी बोलली तरी गल्लीच्या टोकाला ऐकू जावं.

"आक्कांनी सांगितलंय, उद्या सकाळच्याला तळ्यावर हळदीकुंकू हाय! पिल्लं बी हैत! बाईंनी या म्हणावं!"

मी घरी येईपर्यंत गल्लीतल्या बायकांनी ठेवणीतल्या साड्या काढल्या होत्या. हौसाक्कानं आजवर कुणाला हळदीकुंकवाला बोलावलं नव्हतं. आता बोलावतेय, तेही तळ्यावर! पिल्लंही आहेत म्हणजे पोरांना घेऊन या, असा सरळ अर्थ. वस्तादांच्या पारूवहिनी सगळ्यांत पुढे. "बिचारी कवा न्हाय ते बोलावतीया, जायलाच पायजे," असं म्हणून त्यांनी टांगे सांगितले. मीही पैठणी नेसले. मला तरी काय ठाऊक?

तर शुक्रवारी सकाळी आम्ही जरीच्या साड्यांत, गजरे माळून, पोराटोरांसह तळ्याच्या बांधावर उतरलो. रंगराव दोर धरून बसले होते. आम्हाला बघून त्यांच्या तोंडातलं भडंग तोंडातच राहिलं. ते हातानं 'गप, गप' करतायत, पण ऐकतं कोण!

"आक्काऽ! कुटं हायसा? पाट कुटं मांडलाय?" पारूवहिनींनी हाळी दिली. पोरं "पाणी, पाणी" करत बोंबलत सुटली.

तळ्याच्या मध्यावर पानांवरून चार-दोन पिल्लं इकडेतिकडे पळाली. त्यांच्यामागून एक पाखरू धावलं, मान ताठ करून काहीतरी ओरडलं, आणि एका पानावर बसलं. पंख जरासे उघडले. पिल्लं धावत येऊन त्या पंखांखाली शिरली. मग ते उठलं. आणि आम्ही बघतच राहिलो. त्याच्या अंगाखालून पायच पाय लोंबत होते! बारीक बारीक काड्यांसारखे पाय, दोन्ही बाजूंनी. ते सगळं बिऱ्हाड काखेत घेऊन तो बाप झपाझपा चालत निघाला.

पोरंसुद्धा गप्प झाली. पारूवहिनी छातीवर हात ठेवून पुटपुटल्या, "अगं आई गं, खरंच की!"

तेवढ्यात माझी हिरवी साडी हलली. काहिलीत हौसाक्का गुडघ्यांवर उठली होती. चापाचा आवाज आला, पुन्हा आला, आणि काहील कलंडली. बुडूक! पाण्यावर काही दिसेना, फक्त एक हात आणि त्या हातात कॅमेरा, कोरडा ठणठणीत. रंगरावांनी चपला न काढता उडी टाकली.

पाणी छातीएवढंच होतं. ती उभी राहिली, डोक्यावर शेवाळ, कुंकू नाकावरून ओघळलेलं, आणि अशी कडाडली की बगळे उडाले. "कुणी बोलावलं तुमास्नी?"

"तूच की! हळदीकुंकवाला!"

"हळदीकुंकू?" ती क्षणभर आमच्या साड्यांकडे, गजऱ्यांकडे बघत राहिली. मग तिनं ओला हात पलीकडच्या काठाकडे केला. लव्हाळ्यातून एक बदकीण बाहेर पडली होती आणि तिच्यामागे पिवळट पिल्लांची रांग. बदकिणीच्या काळ्या चोचीचं टोक पिवळंधमक, आणि कपाळापाशी दोन लाल ठिपके. "अवं, ते हळदीकुंकू! त्या बदकाचं नावच हळदीकुंकू हाय! त्याची पिल्लं बगायला मी बाईंना बोलावलो!"

आधी पारूवहिनी हसल्या. मग जी हसण्याची लाट आली! रंगराव पाण्यात उभे राहून हसत होते. मी तर बांधावर खाली बसले, पैठणीची शुद्ध न ठेवता. मग पारूवहिनींनी साडी खोचली, करंडा घेतला, आणि सरळ पाण्यात उतरल्या. "आता आलोय तर लावूनच जातो," म्हणाल्या, आणि गुडघाभर पाण्यात उभ्या राहून त्यांनी काठाकडे आलेल्या हौसाक्काला हळद लावली, कुंकू लावलं. मागोमाग आम्ही सगळ्या उतरलो. जिवतीचा तसला शुक्रवार मी पुन्हा पाहिला नाही.

पण फोटो आला होता का? ते कुणाला माहीत! काहील हलत होती, बाई पडत होती. टांगे थेट स्टुडिओवर आले. ती ओल्या लुगड्यानं डार्करूममध्ये शिरली, दाराला आतून कडी. आम्ही बायका चिखलाच्या पदरांनी पायऱ्यांवर बसलो. शेजारच्या दुकानात वस्ताद आणि तालीम. रंगराव आत-बाहेर करत होते आणि आमच्याकडे बघायचं टाळत होते. मी देवाला एकच सांगत होते, बाबा रे, तिचा कॅमेरा तिच्याकडे राहू दे.

कडी उघडली. हौसाक्का बाहेर आली ती गंभीर तोंडानं. माझा धीर सुटला. तिनं ओलाच फोटो चिमट्यात धरून वस्तादांसमोर नेला.

"मोजा पाय."

वस्तादांनी मोजले. आठ. दोन बापाचे, बाकीचे लोंबणारे. काय स्वच्छ आला होता तो फोटो! पिल्लांच्या पायांची बोटंसुद्धा दिसत होती.

वस्तादांनी फोटो उजेडाकडे धरला. मग म्हणाले, "पर ह्यो बापच कशावरनं? आई बी असंल."

"आई ती बगा, मागं. थोराड. मिरवतीया पानावर." खरंच, मागच्या बाजूला एक दुसरं, अंगानं मोठं पाखरू ऐटीत उभं होतं, पोरांशी आपला काही संबंध नसल्यासारखं. "म्हैनाभर बघतोय मी. अंडी घालणारी ती, पोरं वागवणारा ह्यो."

"मी बी बघितलो," पारूवहिनी म्हणाल्या. त्या कधी घरात गेल्या आणि कधी आल्या कळलं नाही. दोन्ही हातांत दोन नातवंडं होती. "घ्या."

वस्तादांनी मिशीवरून हात फिरवला. शब्द दिला होता, आणि माणूस कोल्हापूरचा. उठले, सदरा नीट केला, आणि एक एक नातू काखेत धरला. असे धरले जसं काही काचेचं सामान. दोन पावलं गेले नाहीत तोच कुणीतरी हलगी आणलीच! खणाखण हलगी वाजायला लागली, पुढे तालमीची पोरं, मागे आम्ही चिखलाच्या पैठण्या, दारादारांत माणसं. वस्ताद आधी जमिनीकडे बघून चालत होते. चौकात डावीकडचं पोर मिशीला लोंबकळलं आणि खिदळलं. वस्ताद थांबले, त्याच्याकडे बघितलं, आणि सगळ्यांच्या देखत त्यांचं तोंड असं फुललं की विचारू नका. पुढे ते मान वर करून चालले. महाद्वार आलं तरी पोरं कुणाच्या हातात देईनात.

"वस्ताद, उभं ऱ्हावा!" हौसाक्का समोर आली, कपाळावर हळदीकुंकवाचा मळवट तसाच. "श्वास घ्या, पण दावू नका!"

स्टुडिओच्या काचेत नंतर ते दोन फोटो शेजारी शेजारी लागले. एकात आठ पाय, दुसऱ्यात सहा. बाहेरगावचे पाहुणेही थांबून मोजायचे. गल्लीतल्या तरुण बापांनी मग पोरं खांद्यावर घेऊन फिरायला सुरुवात केली, आणि कुणी हसलं की ते त्या काचेकडे बोट दाखवायचे. हौसाक्का ते बघायची आणि लाजायची. हो, लाजायची! मी तिला एरवी कधी लाजताना पाहिलं नाही.

पुढे आमच्या ह्यांना दुसरीकडे नोकरी लागली आणि आम्ही कोल्हापूर सोडलं. निघायच्या सकाळी मी तिच्या दारात गेले, तर रंगरावही नाहीत आणि तीही नाही. मला राग आला. इतक्या वर्षांचा शेजार, आणि निरोपालाही थांबू नये? सामानाचा टेम्पो तळ्याच्या कडेच्या रस्त्यानं निघाला तशी मी ड्रायव्हरला थांबवलं. काठावर रंगराव दोर धरून बसले होते. त्यांनी मला पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. मधोमध काहील होती, तिच्यावर माझी हिरवी साडी. काहिलीच्या अगदी कडेशी एक कमळपक्षी उभा होता, आणि त्याच्या पायांत नुकती अंड्यातून निघालेली, धड चालताही न येणारी पिल्लं.

साडीच्या भोकातून लेन्स दिसत होती. मला खात्री आहे, तिनं मला पाहिलं होतं. ती हलली नाही. तेवढ्या पिल्लांसमोर ती माझ्यासाठी हलली असती तर ती हौसाक्का कसली! माझा राग कुठल्या कुठे गेला. हाक ओठांशी आली होती ती मी गिळली, आणि टेम्पोत चढताना अगदी हळू, पाखराला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाले,

"येतो मी, आक्का."